पाऊणशे वॅटची चिलीम

उदगीरच्या आसपास बोअरची मोटार जळली की शेतकरी आधी लायनीला शिव्या घालतो, मग घरच्यांना, आणि तिथं मन मोकळं झालं की मोटार टेंपोत टाकून मल्लूआप्पाकडं येतो. मल्लिकार्जुन हे नाव फक्त रेशनकार्डावर. तालुक्याला तो आप्पाच. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं, ह्या कामात त्याची तीस वर्षं गेली आणि केस पांढरे झाले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर त्यानं लाल ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, 'टेस्ट केल्याशिवाय गॅरंटी नाही.'

असल्या पाट्या काय, कुठंही दिसतात. पण आप्पा पाटीप्रमाणंच वागायचा, हाच लोकांना ताप होता. एकदा भागवत नावाचं गिऱ्हाईक त्याच्यापुढं हात जोडून उभं राहिलं. रानात भुईमूग सुकत होता आणि मोटार तर भरून तयार होती, बटन दाबलं की भर्रकन फिरत होती. तरी आप्पानं दिली नाही. मागच्या हौदात सोडून चार तास तिला पाणी उपसायला लावलं. मधूनमधून अंगावर हात ठेवून तो वीस अंक मोजायचा. वीस होईपर्यंत हात टिकला तर मोटार थंड, नाहीतर आत काहीतरी भानगड.

"मोकळी मोटार सगळ्यांचीच ग्वाड चालती," तो भागवतला म्हणाला. "लोड आला की कळतंय तिच्यात काय हाय ते."

भागवत चार तास बिड्या फुंकत बसला. सोबतीला आप्पाही फुंकत होता, हे वेगळं सांगायला नको.

दिवसाला दीड बंडल, हे आप्पाचं माप. ओठात बिडी, एक डोळा धुरानं मिटलेला आणि दोन्ही हात मोटारीच्या पोटात, असाच तो लोकांनी बघितलेला. बिडी हातात घ्यायची वेळ आलीच तर उजव्या. डाव्या हातात त्यानं जन्मात कधी बिडी धरली नाही. आप्पा लिंगायत. सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, इबूत म्हणजे भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. जिथं देव बसतो त्या हातात बिडी कशी धरायची? हा नियम कुठल्या स्वामींनी घालून दिलेला नव्हता, त्याचा त्यानंच केलेला होता, आणि त्याचा त्याला जरा अभिमानही होता. बिडी सोडता येत नव्हती, निदान हात तरी सांभाळला, असं तो स्वतःला समजावायचा.

त्याची बायको नागम्मा हे समजावणं खपवून घेत नव्हती. "एवढा हाताचा इचार करता तर लिंग त्याच हातात घ्या आन् सोडली म्हणा," ती म्हणायची. "एका शब्दाचं काम हाय."

"शब्द दिला आन् उद्या तुटला तर?"

"कामून तुटंल?"

"टेस्ट केलेली न्हाई," आप्पा म्हणायचा. लिंग हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर ते लिंग पुन्हा कुठल्या तोंडानं हातावर घ्यायचं, ह्याची त्याला खरंच भीती होती. नागम्माला वाटायचं हा बहाणा आहे. खरं म्हणजे दोन्ही होतं, थोडा बहाणा आणि पुष्कळ भीती.

हे असंच चाललं असतं. पण दोन हजार अठराची दिवाळी आली.

आप्पाला एकच लेक, सुकन्या. मुदखेडला दिली होती, जावई रेल्वेत. तिची पोरगी अक्षरा तेव्हा पाच वर्षांची, बारीक अंगाची, तोंडानं चुरुचुरु, आणि जन्मापासून दम्याची. अज्जा म्हणजे तिचा जीव. आप्पाची पूजा झाली की ही डोळे मिटून, कपाळ पुढं करून समोर हजर. आप्पा तिच्या कपाळावर इबुतीची तीन बोटं ओढायचा, मग ती डोळे उघडायची. त्या पाडव्याला सकाळी इबूत लावून झाली, आप्पानं दुकानात येऊन नेहमीप्रमाणं बिडी पेटवली, आणि पोरगी पाठोपाठ येऊन मांडीवर बसली. दुपारपर्यंत तिचा श्वास शिट्टी मारायला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला आणि विचारलं, घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं? सगळे भिंतीकडं बघत राहिले. आप्पाच म्हणाला, "मी."

चार दिवसांनी बसस्टँडवर पोरीला खिडकीशी बसवून सुकन्या खाली उतरली. भांडली नाही, रडली नाही. "आप्पा, तुमी बिडी सोडस्तोर मी अक्षराला घिऊन ह्या घरात येणार न्हाई. राग मानू नका," एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली. लेक कुणाची होती? बापासारखीच एकदा बोलली की बोलली.

आप्पा घरी आला आणि त्या दिवसापासून बिडी सोडायच्या मागं लागला. पहिल्यांदा सात दिवस सोडली, दुसऱ्यांदा अकरा, तिसऱ्यांदा नुसते दोन. लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली, पेपरमिंट चघळून दाढ किडवून घेतली. दर वेळी कुठली तरी अवघड मोटार यायची, हात आत गुंतायचे आणि ओठ आपोआप बिडी मागायचे. तिसऱ्या वेळी तो स्वतःवर इतका चिडला की बंडल नाल्यात फेकलं आणि संध्याकाळी नवं आणलं. फोनवर अक्षरा विचारायची, "अज्जा, झाली का तुमची बिडी?" तो म्हणायचा, "व्हायलीय, बाळा."

उन्हाळ्यात एका लग्नाला त्याचा पुतण्या मृत्युंजय हैदराबादहून आला. कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, बोलण्यात हुशार. त्यानं खिशातून विटेएवढं एक जड यंत्र काढलं, ई-सिगारेटचं. वर काचेची छोटी टाकी, आत पिवळा रस, बाजूला आकडे दाखवणारी पट्टी. बटन दाबून त्यानं ओढलं आणि तोंडातून एवढा ढग सोडला की मांडवातल्या बाया वळून बघायला लागल्या.

"काका, बिडीत धूर असतोय. ह्यात नुसती वाफ," मृत्युंजय म्हणाला. "मी सिगारेट सोडली ह्याच्यावर. तुमी वापरा, मी दुसरं घेतलोय. ही टाकी जरा जास्तच ताकदीची हाय. पाऊणशे वॅट."

"पाऊणशे वॅटवर माझा टेबलफॅन चालतोय," आप्पा म्हणाला. पण यंत्र हातात घेतलं ते काही परत दिलं नाही.

दुकानात येऊन त्यानं पहिलं काम काय केलं असेल? ओढलं? छे. टाकी खोलली. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान कॉइल, भोवती कापूस. मीटर लावून बघितलं तर रेझिस्टन्स एका ओहमच्या पाचव्या हिश्शाएवढा. "एवढ्याला आमी शॉर्ट म्हणतो," तो नागम्माला म्हणाला. तिला त्यातलं काही कळलं नाही. नवरा बऱ्याच महिन्यांनी हसला एवढं कळलं. आप्पा मनातून खूष होता. आयुष्यभर ज्या कॉइलनं पोटाला घातलं, तीच आता बिडीतून सोडवणार, असं त्याला वाटायला लागलं. आणि मुख्य म्हणजे ही गोष्ट टेस्ट करता येत होती.

त्यानं भिंतीवर खडूनं लिहिलं, 'बिडीच्या जागी, रोज, दिवसभर.' एवढी एकच परीक्षा. पास झाली तर लिंग हातात घेऊन बिडी सोडायची.

मग सुरू झाली टेस्ट. पाऊणशे वॅटवर बॅटरी दुपारच्या जेवणाआधीच मान टाकायची. आप्पानं पन्नासावर आणली, तेव्हा संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. लागोपाठ ओढली तर टाकी तापायची. वीस मोजेपर्यंत हात ठेवून त्यानं दोन ओढींमध्ये किती दम खायचा ते ठरवलं. एकदा रस संपलेला लक्षात आला नाही आणि कोरडाच कापूस जळून घशात असा ठसका गेला की डोळ्यांतून पाणी आलं. त्यावर तो चिडला नाही. बोअरला पाणी नसताना मोटार चालवली तर जळणारच, चूक चालवणाऱ्याची, असं म्हणून नवी कॉइल बसवली. बाजारात कुणी त्या यंत्राला लायटीची चिलीम म्हणायचं, कुणी आप्पाचा धूरकारखाना. भागवत म्हणाला, "आप्पा, मोटारीची कॉइल सोडून आता स्वतःचीच भरायलाव की." आप्पानं कुणाचं मनावर घेतलं नाही. खडूच्या रेघा वाढत होत्या. बिडी दिवसाला पाचावर आली, मग दोनावर, आणि जुलैच्या सुरुवातीला शून्यावर. तीन आठवडे शून्य. एवढे दिवस तो आजवर कधीच टिकला नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यानं खडूनं लिहिली नाही. बिडी ओठात राहते, हे विटेएवढं यंत्र ओठात राहत नाही. उजवा हात तारेत गुंतलेला. मग ते कुठल्या हातात जाणार? हळूहळू ते डाव्या हातात गेलं, आणि आप्पाच्या ते लक्षातही आलं नाही. त्यात टाकी बुडाशी थोडी पाझरायची. एका सकाळी लिंग तळहातावर घेतलं, बेल वाहिला, नजर लावली, आणि नाकात आंब्याचा वास आला. रस आंब्याच्या वासाचा होता. बिडी सुटल्यामुळं नाक उघडलं होतं, म्हणून आलेला वास लपला नाही. त्यानं हात साबणानं दोनदा धुतला, पुन्हा पूजेला बसला. किरकोळ फॉल्ट आहे, टाकीचं रबर बदलू, असं मनाशी म्हणाला आणि ती गोष्ट बाजूला सारली. गिऱ्हाइकाच्या मोटारीत एवढा पाझर त्यानं कधी चालवून घेतला नसता.

पंचमी जवळ आली. लेकी माहेरी यायचे दिवस. आप्पानं मुदखेडला फोन लावला. "सुकन्या, तीन आठवडे झाले, बिडीला हात लावला न्हाई. पोरीला घिऊन ये."

"खरं म्हणायलाव का आप्पा?"

"खोटं कशाला बोलू? तुझ्या आईला इचार."

सुकन्या आली. अक्षरा आता सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. घरात शिरल्या शिरल्या तिनं हवा हुंगली. "अज्जा, बिडीचा वास न्हाईच," ती म्हणाली, आणि आप्पाला वाटलं, आपली टेस्ट पास झाली. यंत्र तो पोरीसमोर काढत नव्हता. दुकानात ओढायचं, दार लोटून घ्यायचं, वाफ जिरली की घरात यायचं. एवढी काळजी घेतली की बास, अशी त्याची समजूत.

पंचमीच्या दिवशी सकाळी पोरं झोक्यावर होती. बाया पुरणाची दिंडं करण्यात गुंतलेल्या. आप्पा दुकानात एका मोटारीचं तोंड बांधत होता, डाव्या हातात यंत्र. दार लोटलेलं, खोली पांढरी झालेली. त्याच्या पाठीमागं कधी दार उघडलं त्याला कळलं नाही.

"अज्जा, तुमच्या दुकानात आंबे हायत का?"

आप्पा वळला. अक्षरा ढगाच्या मधोमध उभी होती आणि नाक वर करून, मिटल्या डोळ्यांनी, पोट भरून श्वास घेत होती. बिडीच्या वासाला ती नाक दाबून पळायची. ह्या वासाला ती अंगणातून, झोका सोडून, आत आली होती.

"बाहीर हो," आप्पा ओरडला. तो तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. पोरगी दचकली, रडायला लागली, आणि रडता रडता खोकायला लागली. पाच मिनिटांत छातीची ती जुनी शिट्टी सुरू झाली.

सुकन्यानं तिला उचलून ओसरीवर नेलं, पिशवीतून पंप काढला, नळी तोंडाला लावली. एक दाब, दुसरा दाब. नागम्मा पाठ चोळत होती. आप्पा दारात उभा होता आणि त्याच्या हातात यंत्र अजून तसंच होतं. अर्ध्या तासानं शिट्टी बसली. पोरगी मलूल होऊन आईच्या मांडीवर पडली. ती नीट श्वास घेतेय हे बघितल्यावर सुकन्यानं बापाकडं पाहिलं.

"आप्पा, ही बिडी न्हाई, मान्य. पण पोरीच्या छातीला त्यातला फरक कळतो का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग आत जाऊन कपड्यांच्या घड्या पिशवीत भरायला लागली. दुपारची नांदेडची गाडी होती.

आप्पा दुकानात आला. भिंतीवरचं वाचलं, 'बिडीच्या जागी, रोज, दिवसभर.' तीन आठवड्यांच्या रेघा बघितल्या. सगळी टेस्ट मोकळ्या मोटारीची झाली होती. ज्या लोडसाठी ही मोटार भरली होती तो लोड आज दारातून आत आला होता, आणि पाच मिनिटांत सगळं जळलं होतं. तीस वर्षं दुसऱ्याला शिकवत आलेली गोष्ट त्याला स्वतःला कळली नव्हती. त्याला फार लाज वाटली.

त्यानं यंत्रातल्या बॅटऱ्या काढल्या, टाकी रिकामी केली, अंगावर खडूनं 'रिजेक्ट' लिहिलं आणि भरून न निघणाऱ्या मोटारी ठेवायच्या फळीवर टाकलं. मग न्हाणीत जाऊन भर दुपारी अंगावर पाणी घेतलं. डावा तळहात राखेनं घासला, साबणानं घासला, पुन्हा राखेनं घासला. तरी वास होताच. ओल्या धोतरानं तो ओसरीवर येऊन अक्षराच्या उशाशी बसला आणि गळ्यातली डबी उघडायला लागला.

नागम्माच्या लक्षात आलं. इतकी वर्षं जी हेच कर म्हणत होती, तीच आता घाबरली. "आवं, थांबा जरा. रागाच्या भरात नका करू. तुमीच म्हणता नं, टेस्ट केल्याबगर..."

"टेस्ट झाली. फेल झाली," आप्पा म्हणाला. "आता टेस्ट करून गॅरंटी द्यायची येळ गेली. आधी गॅरंटी दितो. टेस्ट हितनं फुडं मरंस्तोर चालू ऱ्हाईल."

त्यानं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. आंब्याचा वास येत होता आणि त्याला रडू कोसळलं, सगळ्यांदेखत. तसंच रडत तो म्हणाला, "बिडी न्हाई, ही चिलीम न्हाई, तंबाखूचं काहीच न्हाई. ह्या हातावर शब्द दिला." अक्षरा पडल्या पडल्या टकमका बघत होती. सुकन्यानं ऐकलं, पिशवीची चेन लावली, आणि दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊन गेली. तिनं शब्दावर विश्वास ठेवावा असं काही नव्हतंच. तीन वेळा सुटून पुन्हा लागलेली बिडी तिला ठाऊक होती.

पुढचे पंधरा दिवस आप्पाच्या दुकानात जो गेला तो बोलणी खाऊन आला. एका मोटारीची तार त्यानं उलटी भरली, दिवस उजाडला की पुन्हा उपसली. भागवतनं सवयीनं बिडी काढली तर त्याला दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं आणि आत येताना दारात क्षणभर थांबून तो धूर नाकात ओढून घेतला, मग स्वतःलाच शिवी दिली. तलफ आली की तो डावा हात गळ्यातल्या डबीवर ठेवायचा आणि वीस मोजायचा. वीस झाले आणि तलफ गेली नाही तर आणखी वीस. पहिल्या आठवड्यात कधीकधी दोनशेपर्यंत मोजणं जायचं. गिऱ्हाइकं गपगुमान उभी राहायची; आप्पा मोजायलाय, असं एकमेकांना सांगायची.

सप्टेंबरात मृत्युंजयचा फोन आला. "काका, सरकारनं बंदी घातली की त्या मशीनवर."

"लई उशीर केला सरकारनं," आप्पा म्हणाला आणि फोन ठेवला.

दिवाळीला सुकन्या आली, पण पिशवी तिनं रिकामी केली नाही. कोपऱ्यात ठेवली आणि लागेल तो कपडा वरून ओढून काढायची. दोन दिवस तिनं काही विचारलं नाही. दुकानात जाऊन उभी राहायची, फळ्यांवर हात फिरवायची, बापाच्या सदऱ्याचे खिसे धुवायच्या निमित्तानं तपासायची. आप्पा बघून न बघितल्यासारखं करायचा. लेकीनं असंच तपासावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्या हाताखाली वाढलेली होती.

पाडव्याला सकाळी त्याची पूजा झाली. अक्षरा कपाळ पुढं करून, डोळे मिटून समोर उभी. त्यानं तीन बोटं ओढली. पण ह्या वेळी तिनं डोळे उघडले आणि त्याचा डावा तळहात दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. बराच वेळ हुंगला.

"आंबा न्हाई," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगला. "बिडी बी न्हाई."

"मग कशाचा यायलाय?" आप्पानं विचारलं.

"इबुतीचा. आन् तुमचा."

सुकन्या दारात उभी होती. ती आत गेली, पिशवी ओढून घेतली, चेन पूर्ण उघडली आणि पोरीचे फ्रॉक एकेक करून खुंटीला अडकवायला लागली. सगळे अडकवून झाल्यावर पाठमोरीच म्हणाली, "आप्पा, मी परवा जाते. सुट्टी संपस्तोर अक्षराला हितंच ठेवू का?" मग वळून बापाकडं पाहिलं. "गॅरंटी हाय नं?"

आप्पाचा हात गळ्यातल्या डबीवर गेला.

"हाय," तो म्हणाला.